‘नाही’ म्हणण्याची ताकद
पोप लिओ तेरावे (१८१०–१९०३) : जीवन आणि कार्य

८ मे २०२५ रोजी रोममध्ये नवीन पोपमहोदयांची निवड झाली आणि त्यांनी लिओ चौदावे हे नाव धारण केले. दोनच दिवसांनी कार्डिनलांच्या सभेत त्यांनी या नावामागचे कारण सांगितले. पहिल्या मोठ्या औद्योगिक क्रांतीच्या काळात लिओ तेराव्यांनी कामगारांचा प्रश्न हाती घेतला होता. आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे माणसाच्या कामापुढे तसाच प्रश्न उभा राहिला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हापासून आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक प्रश्न आहे. हे लिओ तेरावे कोण होते? कामगारांचा आणि त्यांचा संबंध काय?

या प्रश्नाला जोडूनच दुसरा एक प्रश्न येतो. आपल्याकडे चार माणसे एकत्र जमली की तो निघतोच. एकजण म्हणतो, बाजार मोकळा असला, ज्याला जे हवे ते विकता-घेता आले, हवी ती नोकरी धरता-सोडता आली, की माणूस स्वतंत्र झाला. दुसरा म्हणतो, खिशात पैसे नसलेल्या माणसाला मोकळ्या बाजाराचा काय उपयोग? शाळा, दवाखाना, रोजगार सरकारने दिला, तरच गरिबाला निवड करता येईल. भांडवलशाही आणि समाजवाद यांपैकी माणसाला खरे स्वातंत्र्य कोण देते, हा तो वाद. लिओ तेराव्यांच्या आयुष्याची बरीच वर्षे याच प्रश्नाच्या सहवासात गेली. म्हणून आज आम्ही त्यांची जीवनकथा वाचकांपुढे ठेवत आहोत.

बालपण आणि शिक्षण

इटलीत रोमच्या दक्षिणेला डोंगरावर कार्पिनेतो नावाचे छोटे गाव आहे. तेथे २ मार्च १८१० रोजी काउंट लुदोविको पेच्ची आणि आन्ना प्रोस्पेरी बुत्सी यांच्या पोटी विंचेन्झो जोआक्किनो याचा जन्म झाला. सात भावंडांत तो सहावा. घराणे प्रतिष्ठित होते, परंतु फार श्रीमंत नव्हते. १८१८ साली त्याला व थोरला भाऊ जुझेप्पे याला व्हितेर्बो येथील येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत पाठवण्यात आले. तेथे त्याला लॅटिन भाषेची गोडी लागली आणि ती शेवटपर्यंत टिकली. पोप झाल्यावरही ते लॅटिनमध्ये कविता करीत. १८२४ साली, तो चौदा वर्षांचा असताना, आईचे छत्र हरपले.

पुढे रोममध्ये तत्त्वज्ञान, ईशज्ञान आणि कायदा यांचा अभ्यास झाला. ३१ डिसेंबर १८३७ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. भाऊ जुझेप्पे येशूसंघात गेला. पेच्ची मात्र पोपमहोदयांच्या राज्यकारभारात रुजू झाले. त्या काळी मध्य इटलीचा मोठा प्रदेश पोपमहोदयांच्या राज्यात होता आणि तेथील प्रांतांवर अधिकारी म्हणून धर्मगुरूंची नेमणूक होत असे.

शेतकऱ्यांसाठी बचत बँक

१८३८ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांना बेनेव्हेंतो येथे पाठवण्यात आले. नेपल्सच्या राज्याने चारी बाजूंनी वेढलेला हा लहानसा प्रदेश चोरटा व्यापार आणि दरोडेखोरी यांसाठी कुप्रसिद्ध होता. काही जमीनदारच दरोडेखोरांना आश्रय देत. पेच्चींनी मोठ्या घराण्यांची भीड न ठेवता बंदोबस्त केला.

१८४१ मध्ये त्यांची बदली पेरुजा येथे झाली. तेथे त्यांनी रस्ता बांधला, न्यायदानाची गती वाढवली आणि शाळांकडे लक्ष दिले. पण आमच्या आजच्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे एक काम विशेष महत्त्वाचे आहे. त्यांनी एक बचत बँक सुरू केली. छोटे व्यापारी आणि शेतकरी यांना कमी व्याजाने कर्ज मिळावे, हा तिचा हेतू होता.

सावकाराच्या दारी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला कोणी बांधून ठेवलेले नसते. कागदावर अंगठा उठवायचा की नाही, हे त्याचे तोच ठरवतो. पण पेरणी तोंडावर आली आहे, घरात दाणा नाही आणि कर्ज देणारा गावात एकच आहे, तेव्हा त्या ठरवण्याला किती अर्थ उरतो? कर्ज मिळण्याची दुसरी जागा असली की त्याच शेतकऱ्याला पहिल्या सावकाराला नाही म्हणता येते. तरुण पेच्चींनी यावर पुस्तक लिहिले नाही, पण बँक काढून दाखवली.

बेल्जियममधील तीन वर्षे

१८४३ साली त्यांना आर्चबिशपपद देऊन पोपमहोदयांचा राजदूत म्हणून बेल्जियमला पाठवण्यात आले. डोंगराळ, शेतीवर जगणाऱ्या प्रदेशातून ते एकदम कोळसा, लोखंड आणि वाफेच्या इंजिनांच्या देशात आले. युरोप खंडाच्या मुख्य भूमीवर औद्योगिक क्रांती सर्वांत आधी रुजली ती बेल्जियममध्ये. १८३५ सालीच तेथे ब्रसेल्स आणि मेखेलन यांच्यामध्ये आगगाडी धावू लागली होती. खाणींत पुरुषांबरोबर बायका आणि लहान मुलेही काम करीत.

या नव्या व्यवस्थेचे पुरस्कर्ते सांगत की आता कोणी कोणाचा दास नाही. मालक मोकळा, कामगारही मोकळा. दोघे मिळून करार करतात, पटले नाही तर आपापल्या वाटेने जातात. पण नेपोलियनच्या काळापासून चालत आलेले कायदे काय सांगत होते? मजुरी ठरली किती आणि दिली किती, याबद्दल वाद झाला तर न्यायालयाने मालकाच्या शब्दावर विश्वास ठेवावा, असे कलम दिवाणी कायद्यात होते. बेल्जियममध्ये ते १८८३ पर्यंत टिकले. कामगारांनी एकत्र येऊन मजुरी वाढवून मागणे हा गुन्हा होता. म्हणजे करार दोघांचा, पण एकाच्या बाजूला कायदा आणि तिजोरी, तर दुसऱ्याच्या बाजूला रिकामे पोट.

राजदूत म्हणून पेच्चींचे मुख्य काम राजदरबार आणि शाळांचे प्रश्न यांच्याशी होते. तरीही कारखानदारीचे जग त्यांनी जवळून पाहिले. परतताना १८४६ मध्ये त्यांनी लंडन आणि पॅरिस ही शहरेही पाहिली. पोपपदी बसलेल्या त्या काळच्या इतर कोणालाही हा अनुभव नव्हता.

पेरुजाचे मेंढपाळ

१८४६ मध्ये ते पेरुजा धर्मप्रांताचे बिशप झाले आणि तेथे तब्बल ३२ वर्षे राहिले. अनाथ मुलामुलींसाठी आणि निराधार वृद्ध स्त्रियांसाठी त्यांनी आश्रम काढले. कपुचिन बंधूंच्या मदतीने गरिबांसाठी अन्नछत्रे चालवली. धर्मप्रांतात ठिकठिकाणी ‘मोन्ते दी पिएता’ या जुन्या धर्मादाय पेढीच्या शाखा उघडल्या. तेथे गरिबाला वस्तू गहाण ठेवून अल्प व्याजाने पैसे मिळत. १८५३ साली ते कार्डिनल झाले, तेव्हा भूकंप आणि पुरामुळे लोक हवालदिल होते. सत्कारासाठी जमलेला पैसा त्यांनी आपद्ग्रस्तांना वाटून टाकला.

१८६० मध्ये पेरुजा इटलीच्या नव्या राज्यात गेले आणि १८७० मध्ये रोमही गेले. पोपमहोदयांचे राज्य संपले. पेच्ची तेव्हा साठीला आले होते. आपले काम आता उरकत आले, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही.

परमगुरुपद

२० फेब्रुवारी १८७८ रोजी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, कार्डिनल पेच्ची पोप म्हणून निवडले गेले. प्रकृती नाजूक होती. फार वर्षे लाभणार नाहीत असा अनेकांचा होरा होता. प्रत्यक्षात त्यांनी पंचवीस वर्षांहून अधिक काळ ख्रिस्तसभेची धुरा वाहिली. रोम हातचे गेल्यामुळे निषेध म्हणून ते निवडीनंतर व्हॅटिकनच्या बाहेर कधीच गेले नाहीत. पण आतमध्ये बसून त्यांनी जगाकडे अनेक खिडक्या उघडल्या. १८८१ मध्ये व्हॅटिकनचे दप्तरखाने अभ्यासकांना खुले केले. ऑक्टोबर महिना जपमाळेच्या प्रार्थनेत घालवावा, असे त्यांनी १८८३ पासून भाविकांना वारंवार सांगितले. आपल्या घरी ऑक्टोबरात जी रोझरी होते, तिच्यामागे याच पोपमहोदयांची प्रेरणा आहे.

आपल्या देशाशीही त्यांचा जवळचा संबंध आहे. १८८६ साली त्यांनी भारतात रीतसर धर्मप्रांतांची रचना उभी केली. मुंबई आर्चडायोसिस झाली, पुणे धर्मप्रांत झाला. आपल्याच मातीतले धर्मगुरू घडावेत म्हणून १८९३ मध्ये श्रीलंकेतील कँडी येथे त्यांनी पेपल सेमिनरी सुरू केली. हीच सेमिनरी १९५५ साली पुण्याला आली. तेथे शिकलेल्या धर्मगुरूंकडून आपल्यापैकी कित्येकांनी बाप्तिस्मा घेतला असेल.

दोन टोके

लिओ महोदय पोप झाले तेव्हा युरोपात दोन विचारांची झुंज चालू होती. एका बाजूला भांडवलदार आणि त्यांचे अर्थशास्त्रज्ञ. सरकारने हात लावू नये, मजुरी मागणी-पुरवठ्यावर ठरावी, असे ते म्हणत. दुसऱ्या बाजूला समाजवादी. मार्क्स आणि एंगल्स यांचा जाहीरनामा १८४८ सालीच निघाला होता. कारखाने आणि जमीन यांची खाजगी मालकी नष्ट करा, सर्व काही समाजाच्या म्हणजे राज्यसंस्थेच्या ताब्यात द्या, मगच कामगार मुक्त होईल, असा त्यांचा दावा होता.

लिओ महोदयांनी डिसेंबर १८७८ मध्येच समाजवादाविरुद्ध परिपत्रक काढले. पण तेवढ्याने प्रश्न सुटत नाही, हे त्यांना जगभरच्या मेंढपाळांनी आणि प्रापंचिकांनी दाखवून दिले. जर्मनीत माइन्झचे बिशप केटलर यांनी १८६४ मध्येच कामगारांच्या प्रश्नावर पुस्तक लिहिले होते. फ्रान्समधील गिरणीमालक लेऑन आर्मेल हजारो कामगारांना घेऊन यात्रेकरू म्हणून रोमला आले. व्हॅटिकनच्या आत बसलेल्या पोपमहोदयांपुढे कामगार स्वतः येऊन उभे राहिले. अमेरिकेत ‘नाइट्स ऑफ लेबर’ या कामगार संघटनेवर बंदी येण्याची चिन्हे दिसू लागली. तेव्हा बाल्टिमोरचे कार्डिनल गिबन्स १८८७ मध्ये रोमला आले. तशी बंदी घालू नये, असे लेखी निवेदन त्यांनी दिले आणि ते मानले गेले.

लंडनची घटना तर साऱ्या जगात गाजली. तेथील गोदीत रोज सकाळी फाटकापाशी मजुरांची गर्दी जमे. मुकादम बोटाने खूण करील त्याला काम, बाकीचे परत. काम मिळाले तरी एखाद-दोन तासांचे. करार करायला सगळे मोकळे होते, पण निवड मात्र एकटा मुकादमच करीत होता! ऑगस्ट १८८९ मध्ये या मजुरांनी तासाला सहा पेन्स मजुरीसाठी संप पुकारला. पाच आठवडे संप चालला. अखेर ऐंशी वर्षे ओलांडलेले कार्डिनल मॅनिंग मध्यस्थीला उतरले आणि मजुरांना त्यांचे सहा पेन्स मिळाले.

‘रेरूम नोव्हारूम’

या साऱ्यातून १५ मे १८९१ रोजी ‘रेरूम नोव्हारूम’ हे परिपत्रक बाहेर पडले. मसुद्याच्या कामात येशूसंघीय विचारवंत मात्तेओ लिबेरातोरे आणि कार्डिनल झिल्यारा यांचा मोठा वाटा होता, पण शेवटचा शब्द पोपमहोदयांचा होता. त्याआधी १८८८ मध्ये त्यांनी स्वातंत्र्य या विषयावरच एक परिपत्रक लिहिले होते. त्याच वर्षी ब्राझीलच्या बिशपांना पत्र लिहून गुलामगिरीच्या उच्चाटनाचे स्वागत केले होते. तेव्हा माणसाच्या स्वातंत्र्याचा विचार त्यांच्या मनात बराच काळ घोळत होता.

भांडवलदारांना त्यांनी जे उत्तर दिले, त्यातला युक्तिवाद साधा आहे आणि आजही ध्यानात ठेवावा असा आहे. माणसाच्या श्रमाला दोन बाजू आहेत, असे ते म्हणतात. श्रम त्याचे स्वतःचे आहेत. एवढेच असते तर ते त्याने कितीही स्वस्तात द्यावे, फुकट द्यावे, कोणाची हरकत नसती. पण श्रम हे त्याचे जगण्याचे साधनही आहे. आणि जगणे, मुलाबाळांना जगवणे हे त्याचे कर्तव्य आहे. ते सोडून देण्याची मुभा त्याला नाही. म्हणून मजुरी दोघांनी मोकळेपणाने ठरवावी हे खरे, पण त्या करारावरही न्यायाचा अंकुश आहे. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचे त्यात भागले पाहिजे. उपाशी राहण्याच्या भीतीने कोणी कमी मजुरीला होकार दिला, तर त्याला स्वतंत्र निवड म्हणता येत नाही. तो जुलूमच होय.

समाजवाद्यांना दिलेले उत्तरही कामगाराच्याच बाजूने आहे. श्रीमंतांची मालमत्ता वाचवावी म्हणून त्यांनी समाजवाद नाकारला, असा एक समज आहे. परंतु त्यांचा मुख्य मुद्दा वेगळा होता. एखादा मजूर पोटाला चिमटा घेऊन चार पैसे वाचवतो आणि जमिनीचा एक तुकडा घेतो. तो तुकडा म्हणजे त्याची मजुरीच आहे. फक्त तिचे रूप बदलले आहे. उद्या राज्यसंस्थेने सर्व जमीन ताब्यात घेतली, तर आपल्या कमाईचे काय करायचे हे ठरवण्याचा त्याचा हक्कच गेला. आपली स्थिती सुधारण्याची आशाही गेली. शिवाय कुटुंब हे राज्यसंस्थेपेक्षा जुने आहे. बापाने मुलांसाठी काय राखून ठेवावे, हे सरकारने ठरवू नये.

मग उपाय काय? लिओ महोदयांनी मालकी नष्ट करण्याऐवजी ती पसरवायला सांगितले. जास्तीत जास्त लोक थोड्याथोड्या मालमत्तेचे धनी व्हावेत. मजुरी एवढी असावी की खर्च भागून थोडी शिल्लक पडावी. त्यामुळे गरीब-श्रीमंतांतली दरी कमी होईल, स्वतःच्या जमिनीत माणूस जास्त पिकवील आणि पोटासाठी देश सोडून जाणार नाही, असे तीन फायदे त्यांनी सांगितले. त्यांच्या डोळ्यांदेखत लाखो इटालियन अमेरिकेच्या बोटींत चढत होते. कामगारांना आपल्या संघटना उभारण्याचा हक्क आहे आणि तो सरकारने काढून घेऊ नये, असे त्यांनी बजावले. रविवारची विश्रांती, कामाच्या तासांवर मर्यादा आणि लहान मुलांना कारखान्यापासून दूर ठेवणे, हेही त्यांनी मागितले. श्रीमंताला स्वतःचे संरक्षण करता येते; गरिबाला सरकारशिवाय वाली नाही, म्हणून सरकारने आधी त्याच्याकडे पाहावे, असा त्यांचा आग्रह होता.

हे सगळे एकत्र ठेवले की एक सूत्र हाती लागते. त्यांच्या शब्दांत नव्हे, आमच्या शब्दांत ते सांगतो. माणसाला खरी निवड आहे की नाही हे ओळखायचे असेल, तर त्याला नाही म्हणता येते का, ते पाहावे. गाठीला थोडी शिल्लक, डोक्यावर स्वतःचे छप्पर, पाठीशी संघटना आणि सातव्या दिवशी विश्रांती एवढे असले, तर कामगार मालकालाही नाही म्हणू शकतो आणि सरकारलाही.

काळाची कसोटी

लिओ महोदयांनंतर विसाव्या शतकाने दोन्ही व्यवस्थांची परीक्षा घेतली. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया आणि केंटकी येथील कोळशाच्या खाणींत अनेक कंपन्या कामगारांना पगार म्हणून स्वतःचीच नाणी किंवा कुपने देत. ती कंपनीच्याच दुकानात चालत. घरही कंपनीचे. संप केला की नोकरीबरोबर घर जाई. बाजार मोकळा होता, पण खाणकामगारापुढे दुकान एकच होते.

१९१७ च्या क्रांतीनंतर रशियात समाजवादी राज्य आले. शाळा आणि दवाखाने खेड्यापाड्यांत पोहोचले, हे नाकारता येणार नाही. पण १९२९ नंतर शेतकऱ्यांच्या जमिनी सामूहिक शेतांत ओढून घेतल्या गेल्या. १९३२ च्या अखेरीस देशांतर्गत पासपोर्ट सुरू झाले, तेव्हा सामूहिक शेतांवरच्या बहुतेकांना ते दिले गेले नाहीत. त्यामुळे त्यांना परवानगीशिवाय शहरात जाऊन राहता येईना. हा भेद दूर करण्याचा निर्णय व्हायला १९७४ साल उजाडले. जून १९४० च्या हुकुमाने परवानगीवाचून नोकरी सोडणे हा तुरुंगवासाचा गुन्हा ठरला आणि १९५६ पर्यंत तो तसाच राहिला. जिथे मालक एकच, आणि तोही सरकार, तिथे दुसऱ्या दारी जायची सोयच उरली नाही.

ऑगस्ट १९८० मध्ये पोलंडमधील गदान्स्कच्या जहाजबांधणी कारखान्यात कामगारांनी संप केला. त्यांच्या एकवीस मागण्यांत पहिली मागणी स्वतंत्र कामगार संघटनेची होती. कामगारांचे म्हणवणाऱ्या राज्यातच कामगारांना तिच्यासाठी झगडावे लागले. लिओ महोदयांनी नव्वद वर्षांपूर्वी जो हक्क सांगितला होता, तोच हा. ‘सॉलिडॅरिटी’ चळवळ डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायद्याखाली दडपली गेली, पण १९८९ मध्ये तेथील जुनी राजवट संपली.

मग कोण जिंकले? आम्हांला वाटते, या दोन व्यवस्थांना एकाच मापाने तोलणे बरोबर होणार नाही. भांडवलशाहीत मालकी आणि संघटना यांची वाट खुली राहू शकते. सारे काही राज्यसंस्थेच्या हाती देणाऱ्या समाजवादात ती बंदच होते. म्हणून लिओ महोदयांनी पहिलीला वेसण घालायला सांगितले आणि दुसरा मुळातूनच नाकारला. पण वेसण नसलेल्या बाजारात ती वाट ज्याच्याजवळ आधीच काही आहे त्यालाच सापडते, हेही तितकेच खरे. ज्या देशांनी मालकी ठेवली, निवडणुका ठेवल्या आणि त्याबरोबर संघटनेचा हक्क, किमान वेतन, आजारपणाचा आणि म्हातारपणाचा आधारही दिला, तेथे सामान्य माणसाच्या हाती जास्त निवड आली. यातल्या बऱ्याच गोष्टी लोकशाही मानणाऱ्या समाजवादी पक्षांनी लढून मिळवल्या, हे मान्य करायला आपण कचरू नये. त्यांचा समाजवाद लिओ महोदयांनी नाकारलेल्या समाजवादापेक्षा पुष्कळ वेगळा झाला होता.

उणिवा आणि अखेर

लिओ महोदयांनाही त्यांच्या काळाच्या मर्यादा होत्या. मार्क्सच्या जाहीरनाम्यानंतर हे परिपत्रक यायला ४३ वर्षे लागली. तोवर कितीतरी कामगार ख्रिस्तसभेपासून दुरावले होते. स्त्रीचे स्थान त्यांनी मुख्यतः घरातच पाहिले. समाजातील उच्च-नीच स्थिती त्यांना स्वाभाविक वाटे. आज आपण तसे म्हणणार नाही. आणि त्यांचा उपदेश सर्वांनी मानला असेही नाही. काही कॅथलिकांनी त्याकडे संशयाने पाहिले, याची नोंद पोप पायस अकरावे यांनी १९३१ मध्ये केली. श्रद्धावंत मालकही मजुरीच्या दिवशी श्रद्धा विसरू शकतो, हे दुःखद असले तरी सत्य आहे.

आयुष्याच्या अखेरीस हे कृश, पांढऱ्याशुभ्र केसांचे पोपमहोदय जगभर आदराचा विषय झाले होते. चलच्चित्रात दिसलेले ते पहिले पोप. त्यांचा आवाजही ध्वनिमुद्रित झाला आहे. २० जुलै १९०३ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. त्यांचे पार्थिव आता रोममध्ये लॅटेरन येथील महामंदिरात विसावले आहे.

आपल्यापुरते

वाचकहो, भांडवलशाही की समाजवाद, हा निवाडा आपल्या धर्मग्रामात होणार नाही. पण त्याचा एक छोटा भाग आपल्या हातात आहे. आपल्यापैकी काहीजण रोजंदारीवर राबतात, तर काहीजण दुसऱ्यांना कामाला ठेवतात. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या ताईंना आठवड्यातून एक दिवस भरपगारी सुट्टी आहे का? वाडीवर किंवा बांधकामावर येणाऱ्या मजुराला ठरलेली मजुरी त्याच दिवशी मिळते, की चार खेपा घालाव्या लागतात? आपल्याकडून हातउसने नेलेल्या माणसाला, त्या उपकारापोटी, आपण सांगू ते काम करावे लागते का? आणि आपल्या पतपेढीच्या दारातून, जामीन मिळाला नाही म्हणून, सर्वांत गरीब माणूस तर परत जात नाही ना?

पेरुजाच्या त्या तरुण अधिकाऱ्याने एका बचत बँकेने सुरुवात केली होती. येत्या आठवड्यात आपल्याकडे कामाला येणाऱ्या एका तरी माणसापाशी घटकाभर बसून, ठरलेली मजुरी त्याला खरोखर पुरते का, एवढे विचारू या. त्याला न घाबरता नाही म्हणता आले, तर त्याच्या होकारालाही मोल येईल.